पद्मिनीची पन्नाशी

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की पहिला खर्च पत्र्यावर होतो आणि पहिली चूकही तिथंच होते. उत्साहाच्या भरात डेंटिंग-पेंटिंगवाल्याला बोलावलं जातं, खरवडपट्टी सुरू होते, निघालेले स्क्रू एकाच डब्यात पडतात आणि महिन्याभरानं कोणता स्क्रू कुठला हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. जाणता हौशी माणूस पान्याआधी मोबाइल काढतो. वायरी कशा गेल्यात, कोणत्या बोल्टाखाली किती वॉशर आहेत, दाराच्या आतल्या बाजूला काय आहे, सगळ्याचे फोटो. प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर चिठ्ठी. डिकीतल्या रबरी मॅटखाली किंवा डॅशबोर्डमागे कंपनीच्या मूळ रंगाचा एखादा तुकडा हमखास शाबूत असतो. तो सापडेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

नांदेड-लातूरकडे ‘घरची गाडी’ म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे बहुधा फियाट येते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 तयार होऊ लागली. सुरुवातीच्या गोलमटोल मॉडेलला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. तिची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडायची. साठच्या दशकाच्या मध्यावर चौकोनी अंगाची डिलाइट आली. तीच पुढं प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा आणि पुढं सलग बाकासारखी सीट. त्या सीटवर किती माणसं मावायची, हे ज्याच्या त्याच्या घरच्या शिस्तीवर होतं.

गाडीइतकंच रंजक असतं तिचं बाड. नांदेड 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, मग मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. त्यामुळे 1955 साली नांदेडात घेतलेल्या गाडीचा कागद शोधताना तीन राज्यांचा इतिहास चाळावा लागतो. लातूरची गंमत आणखी वेगळी. हा जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्याआधी उदगीर-अहमदपूरकडे घेतलेल्या गाडीच्या कागदांत ‘जिल्हा लातूर’ शोधणारा उगाच हेलपाटे घालतो. नांदेडचं एमएच-26 आणि लातूरचं एमएच-24 हे तर अगदी अलीकडचे नंबर. आरसी बुक, खरेदीची पावती, विम्याचे जुने कागद हे सगळं स्कॅन करून ठेवलं पाहिजे. लग्नाच्या अल्बममधला सजवलेल्या गाडीचा फोटोही कामाचा. त्यात मूळ बंपर, चाकांच्या वाट्या, आरसा कोणत्या बाजूला होता, हे स्पष्ट दिसतं. कृष्णधवल फोटो रंग मात्र सांगत नाही. तो घरातल्या आजीला विचारायचा आणि मॅटखालच्या तुकड्याशी ताडून पाहायचा.

कागदाची ही किंमत पटत नसेल, तर लालबहादूर शास्त्रींची फियाट आठवावी. बारा हजारांच्या गाडीसाठी त्यांच्या खात्यात सातच हजार होते, म्हणून पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेतून पाच हजारांचं कर्ज काढलं. 1966 मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि उरलेले हप्ते ललितादेवींनी पेन्शनमधून फेडले. दिल्लीच्या शास्त्री स्मारकात ती गाडी पाहणाऱ्याला पत्र्यापेक्षा हे कर्ज जास्त लक्षात राहतं. देशातल्या पहिल्या मारुती 800 चंही असंच. डिसेंबर 1983 मध्ये हरपाल सिंग यांनी इंदिरा गांधींच्या हातून तिची किल्ली घेतली आणि 2010 मध्ये निधन होईपर्यंत ती सांभाळली. त्यानंतर गाडी घराबाहेर गंजत उभी राहिली. शेवटी कंपनीनंच ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली.

मराठवाड्याची हवा जुन्या गाडीला एका बाजूनं मानवते. कोकणात पत्रा खालून खात जातो, तसा इथं जात नाही. पण उन्हानं रबर तडकतं, दारांच्या पट्ट्या वाळून कडक होतात आणि बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. मे महिन्यात लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालेली फियाट मध्येच आचके देऊन बंद पडते, तेव्हा दोष बहुतेकदा पेट्रोलच्या वाफेचा असतो. इंजिनाला लागून असलेला यांत्रिक पंप पातळ पेट्रोल ओढतो. उष्णतेनं नळीत वाफ झाली की तो नुसताच हलत राहतो. उपाय जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ: बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि चहा घ्यायचा.

नवी अडचण उसातून आली आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ज्या मांजरा पट्ट्यानं ऊस पिकवून साखर आणि मळी दिली, तिथल्याच जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा या मिश्रणानं फुगतो, मऊ पडतो. इथेनॉल पाणीही धरतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजू शकते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणं आणि कार्बोरेटर नव्यानं लावून घेणं, ही कामं रंगाच्या आधी व्हायला हवीत.

सुटे भाग गावात मिळाले तर नशीब. नाहीतर सिकंदराबादचं राणीगंज, पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा भंगार बाजार. जाताना जुना भाग पिशवीत न्यावा. ‘फियाटचा पाहिजे’ एवढं सांगून भागत नाही, कारण डिलाइट आणि पद्मिनीत बारीकसारीक फरक आहेत.

एका मोहापासून मात्र सांभाळावं. परवडतं म्हणून डिझेल इंजिन बसवलेल्या फियाट पुष्कळ आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात, नोंदणी 10 वर्षं चालते आणि नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली ती 2024 मध्ये, म्हणजे हा दरवाजा त्यांना नुकताच उघडला आहे. पण त्याला अट आहे: अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. ज्याला रविवारी घरच्यांना बसवून हजूर साहिबला किंवा औशाच्या किल्ल्यावर जायचं आहे, त्यानं साधीच नोंदणी ठेवावी आणि दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला उभी करून ती वाढवून घ्यावी.