किडनीच्या बातम्या आणि किडनी

मार्च 2011. अमेरिकेत एका व्याख्यानाच्या मंचावर डॉ. अँथनी अटाला यांनी प्रिंटरनं घडवलेला मूत्रपिंडाचा आकार हातात धरून दाखवला आणि जगभर बातमी झाली : किडनी छापली! तिच्यातून थेंबभरही लघवी गाळली जाणार नव्हती. खुलासा मागाहून आला. खुलासे वाचतो कोण?

अटालांचं खरं काम आधीचं. सात रुग्णांच्या स्वतःच्या पेशी साच्यावर वाढवून त्यांची मूत्राशयं त्यांनी दुरुस्त केली होती. 2006 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तिथं प्रिंटर नव्हता, पेशी हातानं पेरल्या होत्या. पण मूत्राशय म्हणजे पातळ पिशवी. किडनी, यकृत भरीव. रक्तवाहिनीपासून पेशी दोन दशांश मिलिमीटरहून लांब पडली की प्राणवायूवाचून मरते. घोडं अडलंय ते या केशवाहिन्यांच्या जाळ्यापाशी. 2019 मध्ये तेल अवीवला चेरीएवढं हृदय छापलं गेलं. पेशी आकसत होत्या, पण एका ठेक्यात रक्त ढकलणं त्यांना जमत नव्हतं.

याच काळात नागपुरात खऱ्या किडन्यांचं काय घडलं? अवयवदानाचा कायदा 1994 चा, पण विदर्भात मेंदूमृतांचं अवयवदान रुळायला पुढची दीड-दोन दशकं गेली. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची (झेडटीसीसी) प्रतीक्षायादी आली, 2016 मध्ये शासकीय मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपण सुरू झालं, ग्रीन कॉरिडॉरसाठी पोलिसांनी चौक मोकळे ठेवले. खरी कसोटी मात्र आयसीयूत असते. व्हेंटिलेटर काढून रुग्ण स्वतः श्वास घेतो का, हे डॉक्टर बघतात. किमान सहा तासांनी पुन्हा तेच. छाती हलत नाही. मग बाहेर बसलेल्या घरच्यांना विचारायचं. नागपुरातल्या रुग्णाला आजवर मिळालेली प्रत्येक किडनी कुणाच्या तरी होकारातून आली आहे, मग तो आयसीयूबाहेर बसलेल्यांचा असो की स्वतःची किडनी देणाऱ्या घरच्या माणसाचा. म्हणून ‘आणखी दहा वर्षांत’ छापील किडनी येणार, या बातमीचा मला राग येतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस ती बातमी कापून ठेवतो.

छपाई पुढे सरकली ती जिथं रक्तवाहिन्या नाहीतच तिथं. 2022 मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं आयआयटी आणि सीसीएमबीच्या साथीनं बुबुळावरचा पारदर्शक पडदा छापून सशाच्या डोळ्यात बसवला. त्याची शाई मानवी डोळ्यांतल्याच ऊतीपासून केलेली. नेत्रदानाचा अर्ज भरण्यातून या यंत्रानंही अजून कुणाची सुटका केलेली नाही.