आधी ख्रिस्त, मग घर: म्हणजे नेमकं काय?

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूची एक शिकवण आहे, ती ऐकली की भले भले गप्प होतात. आईबाप, बायकामुलं, भावंडं, इतकंच काय स्वतःचा जीव, यांचा जो द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही, असा तिचा आशय. आता, शत्रूवरही प्रेम करा म्हणणारा हा गुरू आईचा द्वेष करायला कसा सांगेल? प्रश्न रास्त आहे.

आधी भाषा बघू. इब्री बोलण्याच्या वळणात 'प्रेम' आणि 'द्वेष' ही जोडी पुष्कळदा पसंतीचा क्रम सांगते. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात याकोबाचं राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रेम होतं असं म्हटलंय, आणि लगेच पुढच्या वचनात लेआसाठी मूळ इब्री शब्द द्वेषाचाच येतो. पण याकोबानं लेआला घराबाहेर काढलं नव्हतं. मनात दुसरं स्थान दिलं होतं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तर हीच शिकवण सरळ तुलनेच्या भाषेत आहे: आईबापांवरचं प्रेम ख्रिस्तावरच्या प्रेमाहून वरचढ होऊ नये.

म्हणून शिकवण मवाळ झाली, असं मात्र समजू नका. बाप्तिस्मा घेतलास तर या घराचं दार तुला बंद, असं वडील म्हणतात तेव्हा क्रम लावावाच लागतो.

पण क्रम लावणं वेगळं आणि कर्तव्य टाकणं वेगळं. मार्कच्या सातव्या अध्यायात काही लोक आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून आईबापांना पोसायचं टाळत. येशूनं त्यांना कडक शब्दांत फटकारलं. देवाचं नाव पुढे करून आईच्या तोंडचा घास काढता येत नाही. पेत्रानं सर्व सोडलं खरं, पण त्याची आजारी सासू येशूनं त्याच्याच घरी जाऊन बरी केली, आणि पुढे प्रवासात पेत्राची बायको बरोबर असे, हे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात दिसतं.

मालमत्तेचंही तसंच. त्या श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं, कारण त्याचं मन तिथेच अडकलं होतं. जक्कयानं अर्धं गरिबांना देतो आणि फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा उरलेलं येशूनं मागितलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा १८५० सालीच झाला होता. पण नातं टिकवणारा कायदा कुठून आणणार? नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. निवड टिळकांची होती. नवरा जिवंत असून एकटं राहणं मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे विसरता येत नाही. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या, तेव्हा प्रथम स्वतःचं सोवळं सांभाळूनच राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला.

पौलाचा सल्लाही हाच आहे: जोडीदार विश्वास ठेवणारा नसला, पण बरोबर नांदायला राजी असला, तर त्याला सोडू नये.

तेव्हा ख्रिस्तासाठी आपण काय सोडलं, याचा हिशेब मांडताना एक प्रश्न जरूर विचारा. ती किंमत मी मोजली, की माझ्या घरातल्या दुसऱ्या कुणी? आपला जीव, आपला मान, आपला पैसा खाली ठेवायला येशू सांगतो. म्हाताऱ्या आईचं औषधपाणी, बायकोचा आधार, मुलांचं शिक्षण हे आपलं नाहीच. ते त्यांचं आहे. ते सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही.