आज्ञापालन, पण डोळे उघडे ठेवून

ठाण्याचा लॅटिन कॅथलिक मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली येतो. केरळहून येऊन डोंबिवलीत स्थिरावलेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी 1988मध्ये वेगळा कल्याण धर्मप्रांत झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक असतात. पंथ कुठलाही असो, फादरांचं, पाळकांचं ऐकावं हा संस्कार लहानपणीच होतो. प्रश्न एवढाच, की ऐकायचं ते कुठवर?

कॅथलिक धर्मगुरू स्वतःही आज्ञेत बांधलेला असतो. दीक्षाविधीत तो आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञापालनाचं वचन देतो. पवित्र गुरुवारी तोच खाली वाकून भाविकांचे पाय धुतो, कारण येशूने शिष्यांचे पाय धुतले होते. नव्या करारातही दोन्ही बाजू आहेत. इब्री लोकांस पत्र पुढाऱ्यांचं ऐकायला सांगतं, तर पेत्राचं पहिलं पत्र पुढाऱ्यांना कळपावर धनीपणा न गाजवण्याची ताकीद देतं. लॅटिन कॅथलिकांच्या 1983च्या धर्मसंहितेत कलम 212 आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क भाविकांना देतं. प्रसंगी ते त्यांचं कर्तव्यच मानतं. कलम 537नुसार प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असावीच लागते.

मराठी ख्रिस्ती परंपरेने हे डोळस आज्ञापालन जगून दाखवलं आहे. 1883मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या अँग्लिकन मार्गदर्शकांशी पत्रांतून वाद घातला. चर्चच्या अधिकाऱ्यांसाठी आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवायला त्या तयार नव्हत्या. बालपणी कल्याणला शिकलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. 1917मध्ये त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. दोघांनी माणसांची सत्ता नाकारली; ख्रिस्ताला सोडलं नाही.

म्हणून पॅरिशचा हिशेब विचारणं हा उद्धटपणा नव्हे. प्रवचनातलं पटलं नाही तर फादरांना भेटून तसं सांगावं. त्यामागे पाठीमागच्या कुजबुजीपेक्षा जास्त आदर असतो. आणि एका बाबतीत तर आज्ञापालनाचा प्रश्नच उद्भवत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल, तर 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘गप्प राहा’ कुणीही म्हटलं, तरी ऐकू नका.