लांबलेली कथा आणि घरचा प्रेक्षक

कथा किती लांब असावी, हा प्रश्न चित्रपटकलेहून पुष्कळ जुना आहे. छत्तीसगडमधील भिलाई-दुर्ग परिसरात ज्यांनी पंडवानी ऐकली असेल, त्यांना त्याचे एक उत्तर ठाऊक असेल. तंबुरा हाती घेऊन गायक महाभारतातील एखादा प्रसंग उभा करतो. तोच तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. शेजारचा रागी हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि श्रोत्यांचा रंग पाहून गायक प्रसंग वाढवतो वा आटोपता घेतो. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या आणि भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाईंनी ही कला देशोदेशी नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या कलेत कथेची लांबी घड्याळापेक्षा श्रोत्यांच्या हुंकारावर अधिक अवलंबून असते.

चित्रपटाला ही सोय नाही. संकलकाने एकदा कात्री खाली ठेवली की लांबी ठरली, ती सर्वांसाठी ठरली. मग चित्रपटगृहात तीन तासांचा पाहिलेला चित्रपट घरी चार तासांचा होऊन आला, तर घरच्या मंडळींनी त्याचे स्वागत कसे करावे? एका विख्यात अद्भुतरम्य चित्रपटमालिकेच्या बाबतीत जगभरच्या प्रेक्षकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला आहे. त्यांची मते समजून घेतली, तर आपल्या घरच्या बैठकीलाही त्यांचा उपयोग होईल.

एक चित्रपट, दोन रूपे

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. फ्रोडो नावाचा एक ठेंगू, शांतताप्रिय जीव दुष्ट शक्तीने भारलेली अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करण्यासाठी निघतो, एवढेच तिचे कथासूत्र. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात तिन्ही भागांचे मुख्य चित्रीकरण एकत्रच उरकले. 'द फेलोशिप ऑफ द रिंग' २००१ साली, 'द टू टॉवर्स' २००२ साली आणि 'द रिटर्न ऑफ द किंग' २००३ साली प्रदर्शित झाला.

खरी नवलाई पुढे आहे. पहिल्या भागाची दीर्घ आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये, दुसऱ्याची नोव्हेंबर २००३ मध्ये आणि तिसऱ्याची डिसेंबर २००४ मध्ये घरी पाहावयाच्या डीव्हीडी तबकड्यांवर निघाली. पहिला भाग १७८ मिनिटांचा होता, तो २०८ मिनिटांचा झाला. दुसरा १७९ वरून २२३ वर गेला. तिसरा २०१ वरून सुमारे २५० वर पोचला. म्हणजे तिन्ही मिळून दोन तासांहून थोडी अधिक भर पडली. ही भर ठिगळासारखी जोडलेली नव्हती. दृश्यांचे नव्याने संकलन झाले आणि संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी वाढीव भागासाठी नवे संगीतही रचले. एका तबकडीत एवढा मजकूर मावेना, म्हणून प्रत्येक भाग दोन तबकड्यांत विभागावा लागला.

दीर्घ आवृत्तीचे पक्षपाती

या आवृत्तीवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांचे म्हणणे असे की, वगळलेल्या दृश्यांवाचून कथेचे अनेक धागे लोंबकळत राहतात. पहिल्या भागात वनराणी गॅलॅड्रिएल प्रवाशांना निरोपाच्या भेटी देते. चित्रपटगृहात फ्रोडोला मिळालेली प्रकाशाची कुपी तेवढी दिसली. सॅमला मिळालेला दोर, लेगोलासला मिळालेले धनुष्य आणि कुमार मेरी व पिपिन यांचे खंजीर दिसलेच नाहीत. पुढच्या भागात तो दोर सॅमच्या हाती येतो, तेव्हा तो कोठून आला, हे दीर्घ आवृत्ती पाहणाऱ्यालाच कळते.

दुसऱ्या भागातील वाढीव प्रसंग याहून मोलाचा मानला जातो. बोरोमीर आणि फॅरामीर हे दोघे भाऊ. वडील थोरल्यावर जीव टाकतात आणि धाकट्याला हिणवतात. दोघा भावांतील निर्मळ प्रेम आणि वडिलांचा पक्षपात दाखवणारा हा पूर्वस्मृतीचा प्रसंग मूळ आवृत्तीत नव्हता. तो पाहिल्यानंतर धाकट्याची अंगठीविषयीची ओढ निव्वळ लोभ वाटत नाही; वडिलांच्या नजरेत भरावे म्हणून चाललेली एका मुलाची धडपड वाटते. ज्या घरात दोन मुले आहेत, त्या घरातील आईवडिलांना हा प्रसंग बरेच काही सांगून जाईल.

तिसऱ्या भागाविषयी तक्रार अधिक तीव्र होती. दोन चित्रपटभर ज्याचे कारस्थान पाहिले, त्या मायावी सारूमानचा शेवट चित्रपटगृहात दाखवलाच गेला नाही. ही भूमिका करणारे ज्येष्ठ नट ख्रिस्तोफर ली यांनीही याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. दीर्घ आवृत्तीत त्याचाच सेवक त्याचा घात करतो आणि खलनायकाचा हिशेब पुरा होतो. राजाच्या राज्यारोहणाच्या वेळी फॅरामीर आणि वीरांगना एओविन शेजारी शेजारी उभी असतात. ती एकत्र कशी आली, तेही येथेच उलगडते.

आटोपशीर आवृत्तीचे कैवारी

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही तितकेच सयुक्तिक आहे. कथेत काय सांगावे याइतकेच काय राखून ठेवावे यालाही महत्त्व असते. तिसऱ्या भागात ॲरागॉर्न मृतांच्या भूतसेनेला साहाय्यासाठी साद घालतो. मूळ आवृत्तीत तिचे उत्तर आपल्याला ऐकू येतच नाही. पुढे ऐन युद्धात शत्रूची मानलेली गलबते धक्क्याला लागतात आणि त्यांतून ॲरागॉर्न भूतसेनेसह उतरतो, तेव्हा प्रेक्षक थरारून जातो. दीर्घ आवृत्तीत ते उत्तर आणि गलबतांवरचा प्रसंग आधीच दाखविल्यामुळे हा थरार ओसरतो. माहिती वाढली, पण रस घटला.

आणखी एका दृश्याने पुष्कळांना अस्वस्थ केले. शत्रूचा दूत राजा ॲरागॉर्नपुढे येऊन कुत्सित बोलतो, आणि राजा त्याचे मस्तक उडवतो. नायकाच्या शीलाला हे शोभत नाही, असा आक्षेप घेतला गेला. आपल्या वाचकांना तो तत्काळ पटेल. रावणाच्या सभेत बांधून आणलेल्या हनुमंताला ठार मारू नये, दूत अवध्य असतो, असे बिभीषणाने सांगितल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जो संयम तेथे राक्षसराजालाही पाळावा लागला, तो येथे सद्गुणी राजाने मोडावा, हे मनाला खटकते. पांढऱ्या वेषातील गॅन्डाल्फची काठी शत्रूचा सेनानी मोडून टाकतो, हे वाढीव दृश्यही अनेक चाहत्यांना रुचले नाही. एवढ्या सामर्थ्यवान पुरुषाला इतक्या सहज हतबल दाखवणे त्यांना पटेना.

तेव्हा एकाच दीर्घ आवृत्तीत मुलाच्या मनाचा ठाव घेणारा प्रसंगही आहे आणि नायकाला उणेपणा आणणारा प्रसंगही आहे. 'लांब ते चांगले' किंवा 'आटोपशीर ते चांगले' असा सरसकट निकाल येथे चालत नाही. प्रत्येक वाढीव दृश्याची स्वतंत्र परीक्षा करावी लागते. त्याने माणूस अधिक कळला, की नुसता वेळ वाढला? कथेतील गाठ सुटली, की पुढचे गुपित फुटले? एवढे दोन प्रश्न हाताशी ठेवले, तरी घरातील शाळकरी मुलेसुद्धा उत्तम परीक्षण करू शकतील.

कर्त्याचे मत

दिग्दर्शक जॅक्सन यांनी स्वतः चित्रपटगृहांतील आवृत्त्यांनाच प्रमाण मानले असून, दीर्घ आवृत्त्या चाहत्यांसाठी असल्याचे म्हटले आहे. २००४ साली तिसऱ्या भागाला मिळालेली ११ ऑस्कर पारितोषिकेही आटोपशीर रूपालाच मिळाली होती. तरीही असंख्य प्रेक्षकांच्या मनात दीर्घ रूपच खरे होऊन बसले, आणि २०२४ साली अमेरिकेतील चित्रपटगृहांत दीर्घ आवृत्त्या पुन्हा दाखवल्या गेल्या. घरासाठी वाढवलेली कथा अशी पुन्हा मोठ्या पडद्यावर गेली.

यात नवल मानण्याचे कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'चे प्रथम तीनच अंक १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पाचही अंकांचे नाटक त्यानंतर झाले. हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' हे नाटकही आधी भिलाईतील लोकांसमोर आटोपशीर रूपात आले आणि मग वाढत जाऊन पूर्ण झाले. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी त्याच कथेवर बालचित्रपट काढला. जी कृती लोकांना आवडते, तिची रूपे लोकांबरोबर बदलत राहतात.

घरची बैठक

आता आपल्या घराकडे वळू. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. म्हणून अशा गावात घराचे घड्याळही पाळ्यांवर चालते. वडील रात्रपाळीहून येऊन दिवसा निजलेले, मुलांची परीक्षा तोंडावर, आई दोन्हींचा मेळ घालण्यात गुंतलेली, आणि दूरचित्रवाणीचा संच बैठकीच्या खोलीत एकच. अशा घरात चार तासांची सलग बैठक ही चैनच ठरते. पण घरी एक सोय असते, जी चित्रपटगृहात नसते: थांबण्याचा अधिकार आपल्याकडे असतो. दोन तबकड्यांमधल्या खंडामुळे दीर्घ आवृत्तीला आपसूक मध्यंतर मिळाले होते. तेच मध्यंतर धरून एक भाग दोन संध्याकाळी पाहता येतो.

प्रथम आटोपशीर आवृत्ती पाहावी आणि काही काळाने दीर्घ आवृत्ती पाहावी, हा क्रम हिताचा. त्यामुळे रहस्ये अभंग राहतात आणि वाढीव दृश्ये जुन्या ओळखीच्या घरातील नव्या दालनांसारखी वाटतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. तिसऱ्या भागातील अजस्र कोळीण आणि युद्धाची दृश्ये भयंकर आहेत. अमेरिकेतही तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी जपून निर्णय घ्यावा, अशी सूचना या चित्रपटांना जोडलेली आहे. वडीलधाऱ्यांनी आधी पाहावे आणि मगच मुलांना शेजारी बसवावे.

जे टिकले नाही ते

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. जॅक्सन यांना वगळलेली दृश्ये परत आणता आली, कारण ती जपून ठेवलेली होती. आपल्याकडे अद्भुतरम्य चित्रपटांचा पाया दादासाहेब फाळके यांनी घातला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. चार रिळांच्या त्या कथेची पहिली व शेवटची एवढीच रिळे आज आपल्या हाती आहेत. ज्यात हनुमंताने लंका जाळली, त्या १९१७ सालच्या 'लंकादहन'चा तर काही तुकडाच उरला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर मूकपटांच्या युगातील बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. दीर्घ रूप बरे की आटोपशीर, असा वाद घालण्याचे भाग्य फाळके यांच्या त्या चित्रपटांबाबत आपल्या वाट्याला आले नाही.

म्हणून दोन्ही आवृत्त्या जपल्या जाव्यात, एकीने दुसरीला पुसू नये, हेच प्रेक्षकांनी मागावे. आटोपशीर रूपात कर्त्याचा विवेक दिसतो, दीर्घ रूपात त्याच्या मनातील पसारा दिसतो, आणि कलाकृतीची पुरती ओळख व्हावयास दोन्ही लागतात. पंडवानीच्या बैठकीत कथा कोठे वाढवावी, हे गायक श्रोत्यांकडे पाहून ठरवतो. घरच्या पडद्याला आपण दिसत नाही. तेव्हा रागीचे काम घरच्या मंडळींनाच करावे लागेल. पुढच्या वेळी एखादा चित्रपट लांबून घरी आला, तर तो संपल्यावर लगेच दिवे मालवू नका. कोणते दृश्य हवे होते आणि कोणते नको होते, हे घरातील सर्वांत लहान सदस्यापासून विचारावयास सुरुवात करा.