कूर्चेचं रोप

सांध्याची कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा पांढुरका, काचेसारखा गुळगुळीत थर. नाशिकमध्ये इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळच्या गप्पांत तिचं नाव ‘गादी’. ती झिजली की ‘वंगण संपलं’ असंही म्हणून टाकतात. पण वंगण हा सांध्यातला द्रव, गादी वेगळी. गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर, आणि त्यातही बराचसा भाग पाण्याचा. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. रक्त नाही म्हणून जखम भरत नाही. मज्जातंतू नाही म्हणून इजा झाल्याचं लवकर कळतही नाही. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे विल्यम हंटर यांनी लंडनमध्ये १७४३ सालीच नोंदवलं होतं.

दुरुस्तीच्या दोन वाटा थोडक्यात सांगता येतात. पहिलीत कूर्चेत पडलेल्या खड्ड्याच्या तळाच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतराने भोकं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येऊन गोठतं आणि त्यातून भरण तयार होतं. ही ‘मायक्रोफ्रॅक्चर’ पद्धत अमेरिकेच्या रिचर्ड स्टेडमन यांची. ती स्वस्त आणि एका बैठकीत होणारी, पण भरून येतं ते तंतुमय, मूळ कूर्चेची सर नसलेलं. दुसरी हंगेरीच्या लास्लो हांगोडी यांची मोझॅकप्लास्टी: कमी भार पेलणाऱ्या कडेवरून हाडासकट कूर्चेचे छोटे दंडगोल काढून खड्ड्यात ठोकून बसवायचे. खड्डा मोठा असला की तुकडे पुरत नाहीत.

खरी गंमत तिसऱ्या वाटेत आहे. नाशिक जिल्ह्यात कांद्याचं रोप आधी वाफ्यात वाढवतात आणि मग शेतात लावतात, इथेही तसंच. दुर्बिणीतून गुडघ्याच्या कडेची दोन-तीनशे मिलिग्रॅम निरोगी कूर्चा काढतात, विकरांनी तिच्यातल्या पेशी मोकळ्या करतात आणि काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवतात. काही लाखांच्या कोटीभर होतात. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात सोडतात. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांच्या गटाने १९८७ मध्ये पहिल्या रुग्णावर हे केलं. १९९४ साली त्यांनी २३ रुग्णांचे निकाल छापले. मांडीच्या हाडावरच्या १६ खड्ड्यांपैकी १४ चांगले भरले. वाटीच्या सातांपैकी मात्र दोनच.

या पेशींचा स्वभाव विलक्षण. सपाट भांड्यात वाढवल्या की त्या आपली ओळख विसरतात आणि कूर्चेचं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन सोडून कातडी-कंडऱ्यांतलं पहिल्या प्रकारचं बनवू लागतात. जेलीसारख्या घट्ट माध्यमात चहूबाजूंनी आधार दिला की मूळ स्वभावावर येतात, हे १९८२ मध्ये दिसून आलं. सुरुवातीला सर्जन पेशी सोडून वर हाडाच्या आवरणाचा तुकडा अतिशय बारीक टाक्यांनी शिवत. तो तुकडा पुढे फुगून त्रास देई. त्याची जागा आधी कोलॅजनच्या पडद्याने घेतली, मग पेशी फायब्रिनच्या गोंदात मिसळून सोडण्याची युक्ती आली. गोंद काही मिनिटांत गोठतो आणि शिवणकाम उरत नाही.

महाराष्ट्रात हे काम मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसने लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत उभं केलं. रुग्णाच्याच पेशींपासून बनणाऱ्या त्यांच्या ‘कार्टिग्रो’ला २०१७ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. सहलीला चिक्की घेण्यासाठी थांबणाऱ्यांना या गावात गुडघ्याची रोपवाटिका असल्याची कल्पनाही नसते.

उत्साहाला चाप लावणारी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण जाहिरातींत ती येत नाही. नॉर्वेत ८० रुग्णांवर पेशीरोपण आणि मायक्रोफ्रॅक्चर यांची तुलना झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निकालांत, पुढे पाच वर्षांनी आणि चौदा-पंधरा वर्षांनंतरही ठळक फरक दिसला नाही.

शिवाय ही सारी शस्त्रक्रिया मर्यादित खड्ड्यासाठी: खेळताना मुरगळलेला, अपघातात आपटलेला तरुण गुडघा. साठीतल्या माणसाची, सगळीकडून झिजलेली गादी यात बसत नाही. तिथे सांधेबदलाचाच विचार होतो. तरुणाचाही पाय वाकडा किंवा अस्थिबंध तुटलेला असेल तर आधी ते दुरुस्त करावं लागतं, नाहीतर नवं रोप त्याच चुकीच्या भाराखाली मरतं. नंतर काही आठवडे कुबड्या. पण सांधा हलता ठेवायचा, कारण कूर्चेला पोषण द्रवातूनच मिळतं. धावणं बरेच महिने बंद, आणि मांडी घालून बसणं सगळ्यांत शेवटी.