होशेयची दया: नियमापलीकडची

इसवी सनपूर्व ८व्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात होशेय या संदेष्ट्याने देव आणि प्रजा यांचे नाते संसाराच्या भाषेत मांडले. प्रजा बआल दैवताच्या नादी लागली, तो व्यभिचार ठरला. हिब्रूत ‘बआल’ म्हणजे धनी, आणि नवराही. म्हणून होशेयच्या ग्रंथाच्या २ऱ्या अध्यायात प्रजेने यापुढे देवाला ‘माझा धनी’ न म्हणता ‘माझा माणूस’ म्हणावे, असे येते. मालकी सोडून सोबत मागणारा हा बदल मला या ग्रंथाचा गाभा वाटतो. पुढे यिर्मया हा संदेष्टा तर कायद्यालाच भिडतो. सोडलेली बायको दुसऱ्याची झाली की पहिल्या नवऱ्याने तिला परत घेऊ नये, असे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या ग्रंथाचा २४वा अध्याय सांगतो. यिर्मया तोच नियम आठवून देतो आणि तरीही प्रजेला परत बोलावतो. ही दया म्हणजे नियमातली सवलत नव्हे, ती नियम ओलांडून येते.

मात्र होशेयच्या त्याच २ऱ्या अध्यायात प्रजारूपी बायकोला उघडे करण्याची धमकीही आहे. रेनिटा वीम्स यांच्यासारख्या बायबलच्या अभ्यासकांना त्यात घरगुती हिंसेची भाषा दिसते. हा आक्षेप खरा आहे. प्रेमाच्या नावाखाली ती धमकी झाकता येणार नाही. पण या रूपकाने सत्ताधारी पुरुषांनाच बेइमान बायकोच्या जागी उभे केले, हेही तितकेच खरे. ४थ्या अध्यायात तर मुली-सुनांना शिक्षा करणार नाही, असे देव स्पष्ट सांगतो, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात.