करणीला कर्ता लागतो : देवीच्या रक्षणाची भाषा

धार जिल्ह्यातल्या मनावर या गावाचे नाव मराठी कानाला क्षणभर चकवते. मान नदीकाठचे निमाडातले हे गाव. पण मराठी वाचकाला ते पाटीवर दिसले की 'मनावर घेणे', 'मनावर दडपण येणे' हेच आधी आठवते. हा केवळ योगायोग. तरीही करणी, बाधा आणि देवीची राखण यांविषयी लिहिताना तो उपयोगी पडतो, कारण हा सारा व्यवहार मनावर चालतो आणि मनावर चालणारा व्यवहार आपले शब्द उघड करतात.

या भागात मराठी आली ती पवारांबरोबर. अठराव्या शतकात धार आणि देवास येथे पवारांची राज्ये उभी राहिली आणि सरदार, कारकून, पुरोहित यांच्या घरांबरोबर त्यांचे कुळाचारही माळव्यात उतरले. देवासच्या टेकडीवर आज दोन देवी आहेत : थोरली तुळजाभवानी, धाकटी चामुंडा. लोक त्यांना बहिणी मानतात. तुळजापूरचे नाव माळव्याच्या टेकडीवर नांदते आहे आणि शेजारी चामुंडाही आहे. धारेत गडकालिका आहे. नवरात्रात घट बसतात, ओट्या भरल्या जातात, जोगवा मागितला जातो. 'आई, सांभाळ' एवढीच बहुतेक मागण्यांची गोळाबेरीज असते. पण कशापासून सांभाळ? इथे मराठीत दोन वेगळ्या वाटा फुटतात.

पहिली वाट दृष्टीची. आपण 'दृष्ट लागली' म्हणतो. माळव्यातल्या मराठी घरांत 'नजर लागली' असेही म्हणतात. 'बाधा झाली', 'लागीर झालं', 'अंगात आलं' ही वाक्येही त्याच घडणीची. क्रियापद अकर्मक आहे. घडले एवढेच सांगितले जाते, कोणी केले ते नाही. दृष्ट काढताना आई मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुलावरून ओवाळते आणि तोंडाने यादी म्हणते : आल्यागेल्याची, घरच्यादारच्यांची, वाटेवरच्यांची. त्या यादीत सगळे येतात, कित्येक घरांत तर आई स्वतःचीही दृष्ट धरते. यादीत सगळेच असले की आरोप कोणावरच उरत नाही. मिरच्या चुलीत पडतात, ठसका लागतो की नाही ते पाहिले जाते आणि विषय तिथेच संपतो.

दुसरी वाट करणीची. 'करणी' हा शब्दच 'करणे'पासून आलेला. करणी 'लागली' असे म्हटले तरी पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणी केली? वाक्य पुरे व्हायला 'ने' प्रत्यय लागतो : जावेने, सुनेने, शेजारणीने. मूठ मारली, चेटूक केले, जारणमारण केले, ही सगळी सकर्मक क्रियापदे आहेत. ही घडण आजची नाही. अथर्ववेदात 'कृत्या' नावाची अभिचाराची गोष्ट येते. तो शब्दही 'कृ' धातूचा, आणि तिच्यावरची सूक्ते तिला करणाऱ्याकडेच परत पाठवतात. करणी 'उलटवणे' ही कल्पना इतकी जुनी आहे. म्हणजे कर्त्याचा शोध या शब्दाच्या पोटातच आहे.

देवीची उपासना या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने जाते? सप्तशतीपूर्वी म्हटले जाणारे देवीकवच पाहावे. सप्तशतीचे तेरा अध्याय मार्कंडेय पुराणातले. कवच, अर्गला, कीलक ही त्यांच्याआधी म्हटली जाणारी स्तोत्रे. कवचात आठ दिशा वाटून दिल्या आहेत : पूर्वेला ऐंद्री, दक्षिणेला वाराही, पश्चिमेला वारुणी, उत्तरेला कौमारी, आणि मधल्या चार दिशांना चार. मग शेंडीपासून पायापर्यंत प्रत्येक अवयवावर एकेक देवी बसते. शेवटी डाकिनी, शाकिनी, भूत, पिशाच आणि अभिचार पळून जातात असे फळ सांगितले आहे. सप्तशतीचा बारावा अध्यायही वाईट स्वप्ने, ग्रहपीडा आणि बालग्रह यांपासून शांती सांगतो. अभिचाराचे नाव आहे. अभिचार करणाऱ्याचे नाही. कवचाचे लक्ष स्वतःच्या देहाकडे आणि स्वतःच्या दिशांकडे आहे, शेजारणीच्या दाराकडे नाही.

मात्र सगळीच देवी-उपासना अशी नाही, हेही सांगायला हवे. आगर माळवा जिल्ह्यातल्या नलखेड्याला बगलामुखीचे प्रसिद्ध स्थान आहे. पिवळी वस्त्रे, हळद, मिरचीचे हवन. कोर्टकचेरीत अडकलेले आणि निवडणूक लढवणारे तिथे जातात. देवीच्या एका हातात गदा, दुसऱ्या हातात शत्रूची जीभ. हे स्तंभन. तंत्रातल्या षट्कर्मांत शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण येतात. पहिल्या कर्माला शत्रू लागत नाही, शेवटच्याला तो लागतोच. यातले कितीतरी शब्द आपण रोज वापरतो : बातमी ऐकून स्तंभित होतो, अंधश्रद्धेचे उच्चाटन करू म्हणतो. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातही 'समूळ उच्चाटन' आहे.

हा फरक केवळ व्याकरणाचा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. मनावरच्या आसपास, नर्मदेच्या दोन्ही काठांवर, भिल्ल वस्त्यांत दुखण्याचे कारण सांगणाऱ्याला 'बडवा' म्हणतात. (मराठी वाचकाने पंढरपूरचे बडवे मनात आणू नयेत, हा वेगळा.) कारण म्हणून कोणाचे नाव निघाले की त्या बाईला 'डाकण' हा शब्द चिकटतो. सातपुड्याच्या मराठी बाजूला, नंदुरबारकडे, तीच 'डाकीण'. शब्द एकदा चिकटला की मारहाण, बहिष्कार, गावाबाहेर काढणे आणि कधी खून. कर्ता सापडल्याचे समाधान एका घराला मिळते. त्याची किंमत दुसऱ्या घरातली बाई देते, आणि ती बहुधा एकटी, विधवा किंवा वयस्क असते.

याच पट्ट्यात, धार, झाबुआ, अलिराजपूर भागात, सिकलसेलचा आजार आहे. वरचेवर अंग ठणकते, पोर पिवळे पडते, एकाच घरातली दोन-तीन मुले आजारी असतात. अशा दुखण्यात करणीचा संशय सहज शिरतो. प्रत्यक्षात तो दोष आई आणि बाप दोघांकडून रक्तातून येतो आणि साध्या रक्ततपासणीत कळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली. इथे कारण सापडते, पण 'कोणी केले' याचे उत्तर म्हणून शेजारीण मिळत नाही.

कायद्यानेही रेघ जवळजवळ तिथेच ओढली आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात पूजाअर्चा, यात्रा, कीर्तन यांना बाधा नाही. पण अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. छत्तीसगडच्या 2005च्या कायद्यात एखाद्याला 'टोनही' ठरवणे हाच गुन्हा आहे. महाराष्ट्राचा कायदा धार जिल्ह्यात चालत नाही, पण त्यातला विवेक उसना घ्यायला हरकत नाही : देवीला हाक मारण्याची मोकळीक आहे, माणसाचे नाव घेण्याची नाही.

आपल्या भाषेने ही वाट पूर्वी एकदा दाखवली आहे. 'देवी' हे एका रोगाचेही नाव होते. अंगावर फोड आले की 'देवी आल्या' म्हणत आणि शीतलेला थंड नैवेद्य दाखवत. रोगच देवीचा, म्हणून त्याचे खापर फोडायला शेजारणीचे डोके लागत नसे. पुढे लस आली, तिलाही लोकांनी देवीचेच नाव दिले. 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. रोग गेला, टेकडीवरची देवी राहिली.

शिक्षकांनी वर्गात हा विषय घेताना एवढाच प्रयोग करून पाहावा. 'दृष्ट लागली' आणि 'करणी केली' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि मुलांना कर्ता शोधायला सांगावे. पहिल्या वाक्यात माणूस सापडणार नाही. दुसऱ्यात मुले कोणाचे नाव घालतात आणि ते नाव बाईचेच का निघते, यावर मग बोलता येईल.